अंगणातली वाट

जनगणनेच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मला घरयादीचं काम लागलं. मी तेव्हा जालन्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सुट्टीत माहेरी अंबडला जायचं म्हणून पिशवी भरून ठेवली होती. मुख्याध्यापकांनी आदेशाचा कागद हातात दिला आणि म्हणाले, "बाई, हे काही माझ्या हातात नाही." घरी जाऊन मी पिशवी रिकामी केली.

दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आपल्या वाट्याच्या भागाचा आधी नजरी नकाशा काढायचा, म्हणजे मोजमाप न करता डोळ्यांना दिसेल तसा. त्यात रस्ते, गल्ल्या, देऊळ, नळ, विहीर दाखवायची. मग वायव्येच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून नागमोडी जायचं आणि प्रत्येक घराच्या दारावर गेरूनं नंबर टाकायचा. एकही घर सुटायला नको आणि एकही दोनदा यायला नको. शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर एक गाव काढून दाखवलं. चार सरळ रस्ते, मधे पार, दोन्ही बाजूंनी चौकोनी घरं. दहा मिनिटांत नंबर टाकून झाले. मला वाटलं, आठवड्यात उरकेल आणि उरलेली सुट्टी अंबडला घालवता येईल.

माझ्या वाट्याला आलेली वस्ती कुंडलिकेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी होती. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथं ज्वारीचं रान होतं. मालकानं ते गुंठा-गुंठा करून विकलं, काही लोक न विकत घेताही येऊन राहिले, आणि ज्याला जिथं जमलं तिथं त्यानं घर बांधलं. रस्ते कुणीच आखले नव्हते. घरं बांधून झाल्यावर मधे जी जागा उरली, ती गल्ली.

पहिल्या दिवशी मी सकाळी सातला गेरूचा डबा, कुंचला आणि पुठ्ठ्यावर लावलेला कागद घेऊन गेले. वायव्येचा कोपरा सापडला, तिथून पुढं काही जमेना. एक गल्ली बैलगाडी जाईल एवढी रुंद होती, ती पुढं सायकलीपुरती झाली आणि शेवटी कुणाच्या तरी दारात जाऊन संपली. दुसरी गल्ली एका मोठ्या दगडाला वळसा घालून परत फिरली. तिसरीत मी शिरले आणि एका चौकात आले. तिथल्या दोन घरांवर नंबर टाकले, पुढं गेले, उजवीकडं वळले, परत उजवीकडं, आणि पुन्हा त्याच चौकात आले. सकाळी अकरापर्यंत माझ्या कागदावर जो नकाशा झाला होता, तो पाहून मलाच काही कळेना.

एका घराच्या दारावर मी कुंचला टेकवला तेव्हा मागून आवाज आला, "बाई, ह्या घरावर मघाशीच लिवलं तुमी. पल्याडच्या दाराला."

साठीच्या आसपासची एक बाई अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मूळची टेंभुर्णी गावची. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा, तो वारून पाच-सहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा औरंगाबादला कंपनीत लागला होता. घरी ती आणि एक शेळी. तिनं मला पाणी दिलं, माझा कागद आडवा-उभा करून पाहिला आणि म्हणाली, "असं न्हाई व्हायचं. चला, मी हिंडवते तुमाला."

ती पुढं आणि मी मागं, असे आम्ही दोन दिवस हिंडलो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठली गल्ली अशी का आहे हे तिला माहीत होतं.

"आमी आल्तो तव्हा इथं निस्तं रान व्हतं," ती म्हणाली. "पयलं घर माझं. मंग आमच्या टेंभुर्णीची मानसं आली. गावाकडं जशी दारासमोर दार असती, तशी बांधली. म्हून ही गल्ली सरळ हाय."

रुंद गल्लीत गाडीवान राहत होते. बैलगाडी वळवायला जागा लागते म्हणून त्यांनी आपापली घरं मागं घेतली होती. मोठा दगड फोडायचा खर्च कोण करणार, म्हणून गल्लीच वळली होती. चौकातली जागा रिकामी राहिली कारण तिथं पावसाळ्यात पाणी साचायचं. एका ठिकाणी गल्ली अचानक अरुंद का होते, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "ह्या घरवाल्याची मुलगी झाली लग्नाची. पाव्हणे बसायला ओटा पायजे म्हनला. ओटा वाढला." मी हसले. ती हसली नाही. तिच्या दृष्टीनं ते कारण बरोबर होतं.

हे सगळं कळल्यावर नकाशा जमू लागला. कुठं कोण कुठून आलं हे लक्षात ठेवलं की गल्ली कुठं जाणार याचा अंदाज यायचा. मोठ्या रस्त्यावर सार्वजनिक नळ होता. नळाच्या अंगाला टेंभुर्णीवाल्यांची गल्ली होती. तिच्या पाठीमागं, नाल्याकडं, धावडा गावाकडची माणसं मागाहून येऊन राहिली होती. त्यांनीही दारासमोर दार ठेवून आपली सरळ गल्ली केली होती. मात्र या दोन गल्ल्या एकमेकींना जोडायला कुणी जागाच सोडली नव्हती. दोन्हीच्या मधे होतं मावशीचं घर.

मावशीच्या अंगणाला दोन्हीकडून कुंपण नव्हतं. एका अंगाला तिची खोली आणि चूल, दुसऱ्या अंगाला, शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून, पत्र्याची न्हाणी. या दोहोंच्या मधून धावड्याची सगळी माणसं नळावर जायची, कामाला जायची, शाळेत जायची. जमीन पायांनी इतकी घट्ट झाली होती की सारवायची गरज नव्हती. जाता-जाता कुणी मावशीला विचारायचं, काय चाललंय, कुणी तिची घागर भरून आणून द्यायचं.

तिसऱ्या दिवशी तिच्याच बाजेवर बसून मी नकाशा पक्का करायला घेतला. दोन्ही गल्ल्या काढल्या आणि मधे दोन रेघांनी त्या जोडल्या. मावशी वाकून बघत होती.

"हे काय काढलं?"

"रस्ता."

"कुठला?"

"हाच. हा इथून जातो तो."

तिनं निवडायचं सूप खाली ठेवलं. "बाई, हा रस्ता न्हाई. हे माझं अंगण हाय."

मी म्हणाले, "मावशी, सगळे इथूनच तर जातात."

"जातेत. मी जाऊ देते म्हून जातेत. रस्ता न्हाई तो. तुमी रस्ता काढला तर माझी न्हाणी रस्त्याच्या पल्याड गेली. मंग मी काय रस्ता वलांडून आंघोळीला जाऊ?"

तिच्या नात्यातल्या कुणाची तरी दुसऱ्या एका शहरात पडवी गेली होती, कागदावर तिथं रस्ता होता म्हणून. ते तिनं ऐकलं होतं. सरकारी कागदावर रस्ता आला की घर जातं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं होतं. मी सांगितलं, हा जमीनमोजणीचा नकाशा नाही, माणसं मोजायला फक्त. ती म्हणाली, "कागद तर सरकारचाच हाय ना?"

एवढ्यात धावड्याच्या गल्लीतला एक गवंडी सायकल हातात धरून अंगणातून चालला होता. तो थांबला. नकाशा पाहून त्याला आनंद झाला.

"बराबर काढलं, बाई," तो म्हणाला. "रस्ताच हाय हा. कागदावर आला म्हंजी उद्या आमच्याकडं बी नळ येईल. लिवा तुमी, बिलकुल लिवा."

"काहून लिवा?" मावशी म्हणाली. "जागा कुणाची?"

"जागा तुमचीच हाय, मावशी. पण आमी दहा वर्सं झाली जाऊन राह्यलो. मंग रस्ता न्हाई तर काय?"

"दहा वर्सं मी जाऊ दिलं, त्याचा रस्ता झाला व्हय?"

गवंडी मोठ्यानं बोलला नाही, तीही नाही. पण दोघंही माझ्याकडं बघत होती, जणू माझ्या हातातली पेन्सिल ठरवणार होती. मी पेन्सिल पिशवीत ठेवली आणि उद्या बघू म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर अंगणाच्या मागच्या अंगाला बाज आडवी उभी केलेली होती आणि तिला बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या. धावड्याच्या बायका घागरी घेऊन नाल्याच्या काठानं फिरून नळावर चालल्या होत्या. ती वाट लांबची आणि निसरडी. त्यातली एक बाई मला ओळखून म्हणाली, "तुमच्या कागदापायी झालं हे." ती रागावलेली नव्हती. नुसती माहिती दिल्यासारखं बोलली आणि पुढं गेली.

त्या दिवशी माझं कामात मन लागलं नाही. दहा वर्षं जी वाट कुणी अडवली नव्हती, ती मी दोन रेघा मारल्या म्हणून बंद झाली होती. दुपारी मी आमच्या पर्यवेक्षकांकडं गेले. ते एका हायस्कूलचे शिक्षक होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "तिथून माणसं जातात का?"

"कालपर्यंत जात होती. आज नाही."

"मग आज जे दिसतं ते काढा. नजरी नकाशा आहे तो, न्यायनिवाडा नाही."

ऐकायला सोपं होतं. मी दोन्ही रेघा खोडल्या आणि तिथं 'अंगण' असं लिहिलं. संध्याकाळी मावशीला नेऊन दाखवलं. तिनं बोट ठेवून विचारलं, "हे माझं घर?" मी हो म्हणाले. "न्हाणी?" मी न्हाणीचा चौकोन काढून त्याच घराच्या नंबरात घेतला. तिनं मान हलवली. बाज मात्र तिथंच राहिली.

परत जाताना गवंडी भेटला. त्यालाही दाखवणं मला भाग होतं. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मंग आमची गल्ली इथंच मुकी झाली की. कागदावर आमाला भायेर पडायलाच जागा न्हाई." मी त्याला नाल्याची वाट दाखवली, ती मी ठिपक्यांनी काढली होती. तो म्हणाला, "पावसाळ्यात या मंग, दाखवतो ती वाट." मी तिथं पावसाळ्यात कधी गेले नव्हते.

पुढचे चार दिवस मी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला नंबर टाकत होते. येता-जाता मावशीच्या दारावरून जायचे. ती अंगणात एकटी बसलेली दिसायची. आधी तिच्या अंगणात सतत कुणीतरी असायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. टेंभुर्णीवाले तिच्या गावचे होते, पण त्यांची दारं दुसऱ्या बाजूला होती. त्यांना तिच्याकडं यायचं कारणच पडायचं नाही. दिवसभर जे येणं-जाणं, बोलणं-चालणं होतं, ते सगळं धावड्याच्या माणसांचं होतं. घागरही आता ती स्वतःच आणायची, अर्धी-अर्धी.

पाचव्या दिवशी बाज खाली होती, मावशी तिच्यावर बसलेली होती आणि बायका अंगणातून घागरी घेऊन चालल्या होत्या. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "शेळीनं सगळ्या फांद्या खाल्ल्या. किती डाव तोडून आणू?"

शेळी बाजूलाच बांधलेली होती. दोरी आखूड होती, तिथपर्यंत पोचण्यासारखी नव्हती. मी ते पाहिलं आणि तिनंही मला ते बघताना पाहिलं. मी म्हणाले, "बाभूळ आवडते शेळ्यांना."

"लई आवडती," ती म्हणाली.

त्या रविवारी गवंडी कुठल्याशा कामावर उरलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे घेऊन आला. पावसाळ्याच्या आधी अंगणातून चालायच्या जागी टाकतो म्हणाला. मावशीनं एकही टाकू दिला नाही. "फरशी पडली की रस्ता झाला," असं तिचं म्हणणं. मग त्यानं तेच तुकडे तिच्या न्हाणीत बसवून दिले. मी शेवटच्या दिवशी गेले तेव्हा तिनं मला हात धरून न्हाणी दाखवायला नेलं.

नकाशा मी तसाच दिला, मधे 'अंगण' लिहिलेला. खरं सांगायचं तर माझ्या मनाला ते पुरतं पटलं नव्हतं. बाज निघाल्यावर मी पुन्हा दोन रेघा मारायला हव्या होत्या का, हे मी पर्यवेक्षकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मारायलाच सांगितलं असतं.

त्यानंतर माझी त्या वस्तीशी ओळख राहिली. तिथली काही मुलं आमच्या शाळेत येऊ लागली. कधी गैरहजर मुलांच्या घरी जायचं झालं की मी मावशीकडं चहा पिऊन यायचे. मधल्या काळात वस्तीच्या नावापुढं 'नगर' लागलं. धावड्याच्या गल्लीत नळ आला, टेंभुर्णीच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, नंतर धावड्याच्या गल्लीतही झाला. दोन्हीकडचं सिमेंट मावशीच्या अंगणाच्या कडेला येऊन थांबलं. मधे तेवढी मातीच राहिली. सायकली, मग लुना, मग मोटारसायकली त्या मातीवरून जाऊ लागल्या. मावशीला गुडघेदुखी सुरू झाली तेव्हा मुलानं खोलीला लागून आतच न्हाणी बांधून दिली. काम त्याच गवंड्यानं केलं. जुनी पत्र्याची न्हाणी काढून टाकली आणि अंगण मोठं दिसू लागलं.

पुढच्या जनगणनेच्या सुमाराची गोष्ट. या वेळी मला वस्ती दुसरी मिळाली होती. एक दिवस शाळा सुटायच्या वेळी मावशी फाटकाशी उभी दिसली. गवंड्याच्या मुलानं तिला गाडीवर मागं बसवून आणलं होतं.

"बाई, तुमचा तो कागद कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कुठला?"

"तुमी माझं घर काढलं व्हतं तो."

मी सांगितलं की तो तेव्हाच जमा केला, आता कुठं असेल मला माहीत नाही.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मुलगा औरंगाबादला घर घेत होता. आईनं तिकडं यावं आणि इथली जागा विकावी असं त्याचं म्हणणं होतं. एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं होतं. त्यानं सगळ्या अंगणावर स्लॅब टाकायचा म्हणून पावलांनी जागा मोजली होती.

"मी हाय तवर कुणाला अडवत न्हाई," ती म्हणाली. "पण मी न्हाई राह्यले तर? त्यो तर बांधून टाकील. इतकी मानसं कुठून जातील? तुमी त्यात रस्ता लिवून द्या."

अकरा वर्षांपूर्वी तिनं खोडायला लावलेल्या रेघा ती आता मागत होती. मी म्हणाले, "मावशी, माझ्या कागदानं तेव्हाही रस्ता होत नव्हता आणि आताही होणार नाही."

"मंग कशानं व्हतो?"

माझे वडील अंबडच्या कोर्टात कारकून होते. त्यांना फोन केला. त्यांनी ओळखीच्या एका वकिलांकडं पाठवलं. आम्ही तिघं, मी, मावशी आणि गवंडी, एका शनिवारी एसटीनं अंबडला गेलो. वकिलांनी मावशीचे कागद पाहिले. जमीन गुंठ्यानं घेतलेली, साध्या कागदावर, सातबारा अजून मूळ मालकाच्याच नावावर. वकील म्हणाले, "आजी, जागा आधी तुमच्या नावावर व्हायला हवी. जे तुमच्या नावावर नाही त्यातून रस्ता कसा देणार?" मावशी म्हणाली, "तीस वर्सं मी राह्यले तिथं." वकील म्हणाले, तीस नाही, वीस असतील. ती म्हणाली, "तेच ते."

आम्ही परत निघालो. गवंड्यानं बसस्टँडवर तिला उसाचा रस पाजला.

काम झालं ते वेगळ्याच वाटेनं. गुंठेवारीच्या जागा नियमित करून देण्याचा कायदा आला आणि वस्तीची मोजणी सुरू झाली. मावशीनं मुलाला सांगून ठेवलं, मोजणी झाल्याशिवाय मी कुठं येत न्हाई आणि विकत बी न्हाई. मोजणीच्या दिवशी तिनं मला निरोप धाडला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गेले.

मोजणी करणारा तरुण मुलगा होता, शांत. त्यानं टेप धरायला माणूस शोधला तर मावशीच पुढं झाली आणि टेपचं टोक हातात घेतलं. खोलीच्या कोपऱ्यापासून ती शेजाऱ्याच्या भिंतीकडं निघाली आणि मधेच थांबली.

"भिंतीपर्यंत या, आजी," तो म्हणाला.

"माझं इथपर्यंतच हाय."

त्यानं कागद पाहिला. "तुमच्या खरेदीत भिंतीपर्यंत दिसतंय."

"पल्याड वाट हाय. ती मानसांची हाय. तसं लिवा."

"जागा कमी भरेल तुमची. नंतर म्हणाल मोजणी चुकली."

"न्हाई म्हनायची," ती म्हणाली. "ह्या बाई ऐकून राह्यल्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "लिहा." मावशीचा मुलगा औरंगाबादहून आला होता, तो दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती. पण आईला त्यानं अडवलं नाही. नंतर मला एवढंच म्हणाला, "बाई, तिनं आधी मला विचारायला पायजे व्हतं." त्याचंही बरोबर होतं. मी तसं त्याला सांगितलं.

टेप जिथं थांबली होती तिथं मोजणीवाल्यानं चुन्यानं खूण केली. मोटारसायकल समोरून आली तर पायी माणसाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल, एवढी वाट निघाली. नकाशात ती रस्ता म्हणून आली.

जागा मात्र विकली गेली नाही. गिऱ्हाइकाला उरलेलं अंगण लहान वाटलं. मावशी वर्षातले काही महिने मुलाकडं राहायची आणि बाकीचे इथं. पुढं वाटेवर सिमेंट पडणार म्हणून अंगणाला कुंपणभिंत घालायचं ठरलं. गवंड्याला आता दम लागायचा, पण हे काम त्यानं कुणाला दिलं नाही. मी गेले तेव्हा दोन थर झाले होते आणि तो मावशीला विचारत होता, भिंत किती उंच घेऊ, डोक्याएवढी घेतली तर आडोसा होईल.

मावशी बाजेवर बसून बघत होती. तिनं हात आडवा करून कमरेशी धरला.

"एवढी पुरं," ती म्हणाली. "बसल्या जागेवरून मानसं दिसली पायजेत."

त्यानं अजून तीन थर घातले आणि वर सिमेंटचा हात फिरवून सपाट केलं. तेवढ्यात नळावरून एक बाई आली, घागर त्या ओल्या भिंतीवर टेकवायला लागली, आणि गवंड्यानं तिला दोन दिवस थांबायला सांगितलं.